धुक्यात वाजलेला तवा

"सकाळी किती वाजता उठतेस?"

करोल बागेतल्या एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, दारात उभी असताना, मला एवढाच प्रश्न विचारला गेला, तोही मराठीत. दिल्लीत येऊन मला आठवडा झाला होता आणि त्या आठवड्यात माझी बरीच चौकशी होऊन गेली होती. नाव काय, पूर्ण नाव काय, घरी कोण असतं, नॉनव्हेज खाता का. पूर्ण नाव सांगितलं की जी खोली आत्तापर्यंत रिकामी होती ती अचानक कालच गेलेली निघायची. एजंट बिचारा प्रत्येक जिना उतरताना म्हणायचा, "मॅडम, बुरा मत मानना, यहाँ फॅमिली वाला माहौल है." मी उदगीरजवळच्या गावातली. अब्बा एसटीत कंडक्टर, शाळा-कॉलेज सगळं मराठीतून. यूपीएससी करायची म्हणून दोन बॅगा घेऊन आले होते. वाईट वाटून घ्यायलाही जागा लागते, ती अजून मिळाली नव्हती. म्हणून या दारात मी कुणी विचारायच्या आधीच पूर्ण नाव सांगून मोकळी झाले.

"ते ऐकलं मी," समोरची बाई म्हणाली. "उठतेस कधी ते सांग."

"पाच... साडेपाच."

"चालेल. चपला आत काढ, बाहेर ठेवल्यास तर माकडं नेतात."

झालं. खोली मिळाली. तिनं मला आत्या म्हणायला सांगितलं नाही, मीच तिला आत्या म्हणायला लागले, कारण तिच्याकडे राहून गेलेल्या सगळ्याच मुली तिला आत्या म्हणत. मी सुरुवातीला "तुम्ही" म्हणायची. तिसऱ्या दिवशी तिनं टोकलं, "आत्या म्हणतेस आणि तुम्ही कसलं? सरकारी पत्र आहे का मी?"

सत्तरी ओलांडलेली, उंच, काटक बाई. पांढरे केस कानाच्या वर कापलेले. दिवाळी झाली की डोक्यावर तपकिरी माकडटोपी चढायची ती होळीलाच उतरायची, घरातसुद्धा. सलवार सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून दोन्ही पायांना घोट्यापाशी कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले. हे चिमटे ती काढायला विसरायची असं नाही, काढायचीच नाही. बँकेत, भाजीवाल्याकडे, एकदा तर कुणाच्या लग्नात रेशमी सलवारीला निळे चिमटे लावून गेली होती. मी म्हटलं, "आत्या, लग्न आहे." ती म्हणाली, "मग? येताना काय उडत येऊ?"

तिनं उभी हयात केंद्र सरकारच्या एका खात्यात नकाशे काढण्यात घालवली होती. नद्यांचे नकाशे. कॉम्प्युटर यायच्या आधी, शाईनं, उभ्या टेबलावर. यमुना तिनं इतक्यांदा काढली होती की डोळे मिटून तिची वळणं हवेत बोटानं काढून दाखवायची. "आणि पाहिली किती वेळा? आयटीओच्या पुलावरून, बसच्या खिडकीतून." रिटायर झाली त्या आठवड्यात तिनं सायकल घेतली. त्याआधी तिला सायकल येत नव्हती. साठीची ही बाई करोल बागेच्या गल्लीत पडत, खरचटत, स्कूटरवाल्यांच्या शिव्या खात सायकल शिकली. खालच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटींनी ते सगळं बाल्कनीतून पाहिलं होतं. त्या मला सांगायच्या, "बेटा, रोज गिरती थी. रोज उठके पहले साइकिल को देखती थी, फिर अपने घुटने को."

लग्न केलेलं नव्हतं. पुण्याला भाऊ होता. तो दरवर्षी फोन करायचा, "ताई, आता ये इकडे, तिथं कोण आहे तुझं?" आत्याचं उत्तर ठरलेलं. "तुमच्याकडे थंडी कुठे पडते? स्वेटर बाहेर काढेपर्यंत संपते."

कारण सायकल ती फक्त थंडीत चालवायची. उन्हाळ्यात दिल्लीत सायकल चालवणं म्हणजे तिच्या मते मूर्खपणा, पावसाळ्यात चिखल. थंडीतही हवा बघून. आमच्या गच्चीवरून दूरच्या शाळेची पाण्याची टाकी दिसायची. दिवाळीनंतर दिल्लीची हवा कशी होते ते सगळ्यांना माहीत आहे. टाकी कधीकधी आठवडाभर दिसायचीच नाही. आत्या पहाटे गच्चीवर जाऊन टाकी शोधायची. दिसली तर सायकल. नाही दिसली तर खाली येऊन म्हणायची, "आज हवा खाण्यासारखी नाही. आज भाजी." आणि मग त्या दिवशी घरात भाज्यांचा ढीग पडायचा.

तिच्या स्वयंपाकाबद्दल सांगायचं तर आधी चमच्याबद्दल सांगायला हवं. ओट्याच्या वर खिळ्याला एक छोटा स्टीलचा चमचा टांगलेला असे. तेल त्या चमच्यानंच घ्यायचं, एका भाजीला एकदा. बाकी काय शिजवायचं ते ज्याची त्याची मर्जी. बकरी ईदला मी भीतभीत विचारलं, मटण केलं तर चालेल का. ती म्हणाली, "कर की. मी खात नाही, मला चावायचा कंटाळा येतो. पण तेल माझ्या चमच्यानं." त्या चमच्याच्या तेलात केलेलं मटण मी अम्मीला फोनवर सांगितलं तेव्हा अम्मीनं आधी माझी तब्येत विचारली.

पण थंडीत तिच्या हातचं खाणं ही वेगळीच गोष्ट होती. बाजरीची भाकरी, चाकवताची ताकातली भाजी, मुळ्याचा पाला घातलेली मुगाची डाळ, शलगम आणि ओल्या हरभऱ्याची रस्सा भाजी, तिळाची चटणी, गाजराची कांजी. चाकवताला दिल्लीत बथुआ म्हणतात. तो मंडीत दिसला की आत्याला गावचं माणूस भेटल्यासारखं व्हायचं. मसाले जवळजवळ नाहीतच. मीठ, जिरं, आलं, लसूण. मी मराठवाड्यातली, तिखटावर वाढलेली. पहिले पंधरा दिवस मला वाटलं आजारी माणसाच्या पथ्यावर आहे. मग एक दिवस लक्षात आलं की मला मुळ्याची चव कळतेय. मुळ्याला चव असते हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

पहिल्या वर्षी रमजान थंडीच्या शेवटाशेवटाला आला. पहिल्या रोजाला मी सहेरीसाठी उठले, स्वयंपाकघरात लाइट न लावता काहीतरी खाऊन घ्यावं म्हणून चाचपडत गेले, तर आत्या आधीच शेगडीपाशी. माकडटोपी, शाल, हातात पळी. पातेल्यात ज्वारीच्या कण्यांची ताकातली आंबील रटरटत होती, बाजूला वाटीत भिजवलेल्या मनुका.

"दिवसभर पाणी नाही ना प्यायचं तुला? हे खा. उशिरा तहान लागते."

"तुला कसं माहीत?"

"करून बघितलं."

मला कळेना. मग हळूहळू उलगडा झाला. मागच्या आठवड्यात ती रोज पहाटे वेगवेगळं खाऊन सूर्यास्तापर्यंत पाण्यावाचून राहिली होती. एक दिवस पोळी, एक दिवस लापशी, एक दिवस आंबील. कशानं तहान उशिरा लागते ते तिनं स्वतःवर तपासून बघितलं होतं, आणि त्यातलं एक अक्षर मला सांगितलं नव्हतं. मी हातात वाडगा घेऊन उभीच राहिले. "गार होतंय," ती म्हणाली.

त्याच थंडीत त्याआधी एक प्रकार झाला होता. जानेवारीत आत्या एका सकाळी सायकल घेऊन गेली ती त्या दिवशी आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी घाबरून खाली आंटींकडे गेले तर त्या हसल्या. "पानीपत गई होगी. कंबल लाने." तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्या आली, कॅरिअरला दोरीनं बांधलेलं एक मरून रंगाचं ब्लँकेट. "हे तुझं," म्हणून माझ्या पलंगावर टाकलं आणि पाय शेकायला बसली.

पानिपत म्हणजे दिल्लीहून नव्वद-एक किलोमीटर. दिल्लीतले मराठी लोक संक्रांतीच्या सुमारास तिथं जातात, बस करून, स्मारकावर फुलं वाहायला. आत्याही तिथं डोकं टेकवून यायची. पण तिचं मुख्य काम बाजारात. पानिपतला ब्लँकेटं विणतात, आणि घरात जी मुलगी नवी आलेली असेल तिच्यासाठी ती दर थंडीत तिथून एक ब्लँकेट सायकलवरून आणायची. मी म्हटलं, "आत्या, आपल्या खालच्या मार्केटात मिळतात की गं ही ब्लँकेटं."

"मिळतात. पण मग मी पानिपतला कशाला गेले असते?"

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसायचा. उत्तर बरोबर असायचं आणि तरी काही हाती लागायचं नाही.

पुढच्या डिसेंबरात माझा मेन्सचा निकाल लागला. नाव नव्हतं. पीडीएफमध्ये आपला रोल नंबर शोधायचा, नाही दिसला तर पुन्हा शोधायचा, मग स्पेलिंग चुकल्यासारखं आकडा चुकला असेल म्हणून परत. हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी केलं नाही त्यांना सांगून कळत नाही. मी अब्बांना फोन केला. ते म्हणाले, "कोई बात नहीं बेटा, फिर से दे." त्यांच्या मागे स्टँडवरची अनाउन्समेंट ऐकू येत होती. मी फोन ठेवला आणि दार लावून घेतलं.

किती दिवस तशी होते ते मी मोजले नाहीत. उठायचं, पाणी प्यायचं, परत पडायचं. आत्यानं दार वाजवलं नाही, चौकशी केली नाही, समजूत घातली नाही. मला आतल्या आत त्याचा रागही आला होता. मग एका सकाळी दार ढकलून ती आत आली आणि माझ्या पलंगावर, थेट ब्लँकेटावर, तिनं ओल्या चाकवताच्या जुड्या ओतल्या. मातीसकट.

"निवड."

"आत्या, मला काही खायचं नाहीये."

"खा कोण म्हणालं? निवड म्हटलं."

आणि निघून गेली. मी बराच वेळ त्या भाजीकडे बघत राहिले. मग नाइलाजानं एक काडी उचलली. पानं इकडे, देठं तिकडे. चाकवताची पानं मागून पिठूळ असतात, बोटांना भुकटी लागते. ढीग संपला तेव्हा खिडकीतलं ऊन पलंगाच्या पायथ्याशी आलं होतं. मी भाजी घेऊन स्वयंपाकघरात गेले, आणि गेले आहेच तर बसले, आणि बसले आहेच तर आत्यानं ताट पुढे सरकवलं. मी जेवत असताना ती समोर बसून साखळीला तेल लावत होती. जेवून झाल्यावर म्हणाली, "उपाशीपोटी विचार करू नये. सगळे वाईटच निघतात."

दुसऱ्या दिवशी टाकी दिसली. जिन्याखाली आणखी एक सायकल होती, आधीच्या कुणा मुलीची. सायकल मला येत होती. शाळेला मी सायकलनंच जायची. आम्ही करोल बागेतून निघालो, रिजच्या झाडीला वळसा घालून, मोठमोठ्या सरकारी रस्त्यांवर. रविवारची पहाट, रस्ते रिकामे, श्वासाची वाफ. नाकाला झोंबणारी थंडी, आणि पुढे दोन निळे चिमटे वरखाली होताना दिसताहेत. इंडिया गेटपाशी थांबलो तेव्हा मला जाणवलं की गेला तासभर मला त्या पीडीएफची आठवण झालेली नाही.

"जानेवारीत येतेस?" तिनं विचारलं. कुठे ते विचारायची गरज नव्हती. घरात एक नवी मुलगी आली होती, चंद्रपूरची, आणि ती दोन स्वेटर घालून कुडकुडत होती.

आता मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याला नायब तहसीलदार आहे. दिल्लीची परीक्षा मी आणखी एकदा दिली आणि सोडली, राज्याची निघाली. आत्या ऐंशीकडे झुकलीय. फोन केला की आधी तिकडचं हवामान सांगते, मग विचारते, काय शिजवलंस. लोक मला विचारतात, दिल्लीत काय शिकलात. काय सांगणार? मी त्या जानेवारीतल्या प्रवासाबद्दल मात्र फार कुणाला सांगितलेलं नाही, कारण सांगायला लागलं की ते खोटं वाटायला लागतं.

आम्ही दोन दिवसांत जायचं ठरवलं होतं. पहिल्या दिवशी मुरथलपर्यंत. मुरथल म्हणजे जीटी रोडवरचं पराठ्यांचं गाव. रस्त्याच्या कडेला ढाबेच ढाबे, प्रत्येक पराठ्यावर लोण्याचा गोळा. आत्या एका ढाब्यात शिरली, मालकाला ओळखीचा नमस्कार केला, सरळ मागच्या चुलीपाशी गेली आणि कॅरिअरला बांधलेला आपला लोखंडी तवा सोडवला. हो, ती तवा बरोबर न्यायची. बाजरीचं पीठ, मीठ, तिळाची चटणी आणि तवा. मी घरून निघताना म्हटलं होतं, हे वजन कशाला. तर, "दुसऱ्याच्या तव्यावर भाकरीला पापुद्रा येत नाही." ढाब्यातले आचारी पराठे लाटायचे थांबून तिची भाकरी बघत होते. परातीत थाप थाप थाप, आणि ती टम्म फुगली तेव्हा एक जण "वाह" म्हणाला. मालकानं एक भाकरी मागून घेतली, त्यावर लोण्याचा गोळा ठेवला आणि डोळे मिटून खाल्ली. आत्या तोंड फिरवून म्हणाली, "वाट लावली."

रात्री तिथल्याच धर्मशाळेत झोपलो. सकाळी उजाडल्यावर, रस्ता लांबपर्यंत दिसतोय याची खात्री करून निघालो. थोडं अंतर गेलो असू. दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं, आणि अचानक त्या शेतांतून धुकं उठून रस्त्यावर आलं. आमच्याकडेही धुकं पडतं, पण ते असं नसतं. हे चालत आल्यासारखं आलं. आधी पुढचा पूल गेला, मग समोरची झाडं, मग माझ्या पुढची आत्या.

"उतर!" तिचा आवाज आला. "रेलिंगच्या आत ये. सायकल हातात."

आम्ही रस्ता सोडून कडेच्या कच्च्या पट्टीवरून चालायला लागलो. हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. बाजूनं गाड्या जात होत्या, पिवळा डाग यायचा आणि जायचा. पूल चढायला लागलो तेवढ्यात पुढे धाडकन आवाज झाला. काच फुटल्याचा, आणि मग एका बाईची किंकाळी.

उसानं भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली पुलाच्या चढावरच बंद पडून उभी होती. मागे दिवा नाही, काही नाही. एक मोटार तिच्यात घुसली होती. आम्ही धावत गेलो. ड्रायव्हर स्टिअरिंगवर, कपाळातून रक्त. मागे बाई आणि एक छोटी मुलगी. मी दार ओढत होते. आत्या माझ्या शेजारी नव्हतीच. ती मागे बघत होती, आम्ही आलो त्या बाजूला, जिथून गाड्या येणार होत्या.

"यांना बाहेर काढ आणि रेलिंगच्या पलीकडे ने," ती म्हणाली. "गाडीत कुणाला ठेवू नको. सामान राहू दे."

"आणि तू?"

तिनं कॅरिअरचा तवा सोडवला, पिशवीतून पाना काढला आणि सायकल ढकलत धुक्यात मागे गेली. सायकलचा लाल दिवा लुकलुकताना जरासा दिसला आणि मग तोही दिसेना.

मग आवाज सुरू झाला. ठण् ठण् ठण् ठण्. लोखंडावर लोखंड. तो आवाज मला आजही ऐकू येतो. मी त्या बाईला बाहेर काढलं, मुलीला कडेवर घेऊन रेलिंगवरून पलीकडे दिलं, ट्रॅक्टरवाला आणि मी मिळून त्या माणसाला उचललं, आणि पूर्ण वेळ मागून ते ठण् ठण् चालू होतं, आणि मधूनमधून तिचा चिरका आवाज, "रुको! रोको! आगे गाड़ी है!" एक बस आली. ब्रेकचा आवाज इतका लांबला की मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा बसचं तोंड मोटारीच्या मागच्या बंपरपाशी होतं, मधे माणूस जेमतेम उभा राहील एवढी जागा. बस भरलेली होती. खिडक्यांतून बायका, म्हातारे, बाळं. तिच्या मागे ट्रक थांबला. त्याच्या मागे आणखी एक. मग कसलासा मोडल्याचा आवाज आला, आणि तव्याचा आवाज थांबला.

मी रेलिंग धरून बसले. पलीकडून मुलीनं माझ्या गळ्याला मिठी मारली होती, तिला सोडून उठता येईना. आणि मग पुन्हा, आणखी लांबून, ठण्. ठण् ठण्.

आता बसचा ड्रायव्हर आणि ट्रकवाले उतरून टॉर्च घेऊन मागे धावले. पोलीस येईपर्यंत ते सगळे हातातले दिवे हलवत लांबपर्यंत उभे राहिले. धुकं विरळ झालं तेव्हा मी मागे चालत गेले. आत्या कडेच्या दगडावर बसली होती. शेजारी तिची सायकल, एका ट्रकच्या चाकाखाली येऊन दुमडलेली. दिवा लांबून दिसावा म्हणून तिनं ती रस्त्याच्या कडेला आणखी मागे नेऊन उभी केली होती, आणि ट्रकवाल्यानं ती चिरडली, पण तो थांबला. तवा तिच्या मांडीवर होता. दोन्ही तळहात फुटून रक्ताळले होते, बोटं सुजून पान्याभोवती वळलेली. पाना तिला सोडता येत नव्हता. मी एकेक बोट उलगडून तो काढला.

"चाक गेलं," ती सायकलकडे बघत म्हणाली. "फ्रेम सरळ होईल."

मग म्हणाली, "ती पोरगी?"

"ठीक आहे. सगळे ठीक आहेत. त्या माणसाला नेलंय, बोलत होता."

तिनं मान हलवली. तिचे दात वाजत होते. थंडीनं की कशानं, कुणास ठाऊक.

त्याच बसनं आम्हाला पानिपतला नेलं, दोन्ही सायकली टपावर टाकून. दवाखान्यात तिच्या हातांना पट्ट्या बांधल्या, आणि मग ती ब्लँकेट घ्यायला निघाली. मी म्हटलं, आता राहू दे. तोवर ती दवाखान्याच्या पायऱ्या उतरत होती. दुकानदार तिच्या वर्षानुवर्षांच्या ओळखीचा. त्यानं हात पाहिले आणि घरातच ठेवून घेतलं. संध्याकाळी त्याच्या बायकोनं मला स्वयंपाकघर दिलं. मी मुगाची खिचडी केली. आत्यासमोर ताट ठेवलं तेव्हा तिला आणि मला एकदमच कळलं की तिला घास उचलता येणार नाही. ती हातांच्या त्या पांढऱ्या गाठोड्यांकडे बघत राहिली. मी घास केला आणि पुढे धरला. तिनं तोंड उघडलं. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही. पाच-सहा घास झाल्यावर ती म्हणाली, "मीठ बरोबर आहे." तिच्याकडून मला मिळालेली ही एकमेव शाबासकी.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा ब्लँकेटांनी भरलेला टेम्पो दिल्लीला निघाला होता, त्यात आम्ही पुढे बसलो. खिडकीशी मी, मधे आत्या, माकडटोपी, शालीच्या आत हात. ड्रायव्हर मफलर गुंडाळलेला बोलघेवडा माणूस. ऊन पडलं होतं. सोनपत-मुरथलच्या बाजूचे ते पूल यायला लागले तसा तो म्हणाला, "माताजी, आपने सुना? कल यहाँ चमत्कार हुआ."

"अच्छा?" आत्या म्हणाली.

"कोहरे में देवी आई थीं. बस वाले ने खुद देखा. सफेद कपड़े, इतनी लंबी," त्यानं एक हात टेम्पोच्या छताला टेकवला. "घंटा बजा रही थीं. पूरी बस बचा ली. फिर जैसे ही कोहरा हटा, गायब."

माझ्या तोंडाशी शब्द आले होते. शालीतून एक पट्टी बांधलेला हात निघाला आणि माझ्या गुडघ्यावर दाबून बसला. आत्या समोरच्या रस्त्याकडे बघत होती, तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

पूल आला. उसाची चिपाडं अजून कडेला पडलेली, काचेचा चुरा उन्हात चमकत होता. ड्रायव्हरनं टेम्पो थोडा हळू केला, दोन्ही हात सोडून छातीशी जोडले, मान लववली आणि डोळे मिटले.

"भैया," आत्या म्हणाली, "दोनों हाथ स्टीयरिंग पर. और सामने देखो."

त्यानं दचकून डोळे उघडले, "जी माताजी" म्हणून स्टिअरिंग पकडलं, आणि थेट दिल्ली येईपर्यंत तो समोरच बघत राहिला.